लाल ठिपक्याचा नेम : परवडणारी रेड डॉट साईट निवडताना

रेड डॉट साईट हे रायफलीवर बसवायचे, नेम धरण्यासाठीचे काचेचे लहान साधन आहे. तिच्यातून पाहिले की समोरचे दृश्य आहे तेवढ्याच आकाराचे दिसते आणि त्यावर एक लाल ठिपका उभा असतो. रायफल एकदा नीट जुळवली की ठिपका जिथे, तिथे गोळी. हा ठिपका फक्त नेम धरणाऱ्यालाच दिसतो. लक्ष्यावर लाल उजेड टाकणारे लेसर हे वेगळे साधन आहे. दुकानात दोन्ही एकाच कपाटात ठेवलेली असतात, नावेही एकमेकांत मिसळलेली असतात, म्हणून खरेदीला जाण्याआधी हा फरक पक्का ठाऊक हवा. दुर्बिणीशीही तिची गल्लत होते. दुर्बीण लक्ष्य मोठे करून दाखवते. रेड डॉट काहीच मोठे करत नाही.

तिची गरज का पडली, हे साध्या बंदुकीच्या नेमावरून कळते. नळीच्या टोकाला माशी असते आणि डोळ्याजवळ खाच. खाचेत माशी मधोमध घ्यायची, तिचा माथा खाचेच्या कडांशी समपातळीत आणायचा आणि मग ती लक्ष्याखाली टेकवायची. एनसीसीच्या छावणीत पॉइंट टू-टू रायफल चालवलेल्या प्रत्येकाला ही शिस्त घेणे आठवत असेल. अडचण डोळ्याची आहे. खाच हातभर अंतरावर, माशी त्याच्या पुढे आणि लक्ष्य पन्नास मीटरवर, ही तिन्ही एकाच वेळी स्पष्ट दिसत नाहीत. तरुण डोळा माशीवर नजर ठेवून बाकीचे धूसर चालवून घेतो. चाळिशी लागली की माशीच धूसर होते. रेड डॉटमध्ये ठिपका आणि लक्ष्य दोन्ही लांबचेच वाटतात. डोळ्याने लक्ष्याकडे पाहायचे, ठिपका आपोआप स्पष्ट दिसतो. वाचायला चष्मा लागणाऱ्या माणसाला या साधनाचा खरा लाभ मिळतो, आणि जाहिरातीत नेमके हेच क्वचित सांगितलेले असते.

आतली रचना साधी आहे. साईटच्या मागच्या भागात एक बारीक एलईडी असते. तिचा प्रकाश समोरच्या किंचित वक्र, तिरप्या बसवलेल्या काचेवर पडतो. त्या काचेवरचा लेप लाल रंग परत पाठवतो आणि बाकीचे रंग आरपार जाऊ देतो. एलईडी काचेच्या केंद्रबिंदूवर ठेवलेली असल्याने परतणारे किरण एकमेकांना समांतर होतात, आणि समांतर किरण डोळ्याला फार दुरून आल्यासारखे वाटतात. रात्रीच्या एस.टी.त खिडकीच्या काचेत आतला दिवा बाहेरच्या अंधारात तरंगताना दिसतो, तसाच हा प्रकार. फरक इतकाच की येथे काचेची वक्रता मोजून ठरवलेली असते. लाल लेपामुळेच या काचेतून पाहिलेले जग थोडे निळसर-हिरवट दिसते. हा दोष नव्हे. मात्र रंग फारच गडद असेल तर लेप हलक्या दर्जाचा समजावा, कारण संध्याकाळी तो प्रकाश खातो.

ही कल्पना सव्वाशे वर्षांची आहे. डब्लिनचे दुर्बीणकार हॉवर्ड ग्रब यांनी १९०० च्या सुमारास ती मांडली. दुसऱ्या महायुद्धातील लढाऊ विमानांत वैमानिकापुढे अशाच परावर्तक साईट असत. पण त्यांना बल्ब आणि विजेचा पुरवठा लागे, त्यामुळे त्या रायफलीवर मावत नव्हत्या. एलईडी आल्यावर गणित बदलले. स्वीडनमधील एमपॉइंट कंपनीने १९७५ मध्ये शिकाऱ्यांसाठी पहिली इलेक्ट्रॉनिक रेड डॉट साईट बाजारात आणली. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकी सैन्याने याच कंपनीची साईट रायफलींसाठी स्वीकारली. पुढे चीनमधील प्रकाशीय उपकरणांच्या कारखान्यांनी तीच रचना स्वस्तात काढायला सुरुवात केली आणि साधन सामान्य नेमबाजाच्या आवाक्यात आले.

मराठवाड्यातील कन्नडसारख्या तालुक्यात ही साईट कोणाच्या कामाची, हा प्रश्न किमतीच्या आधी सोडवावा लागतो, कारण येथे पैसे वाया जाण्याचे पहिले कारण चुकीच्या कामासाठीची खरेदी हेच आहे. सर्वांत मोठा गैरसमज खेळाबाबत आहे. १ ऑगस्ट २०२४ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक मिळवले. त्यानंतर आपल्या मुलाच्या हाती रायफल द्यावी असे अनेक पालकांना वाटणे स्वाभाविक आहे. पण आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे रायफल स्पर्धांत भिंग असलेली कोणतीही साईट चालत नाही. अंजली भागवत, सुमा शिरूर, तेजस्विनी सावंत, कुसाळे या सर्वांचा नेम पीप साईटचा, म्हणजे डोळ्याजवळच्या बारीक छिद्रातून नळीच्या टोकावरच्या कड्यात लक्ष्य बसवण्याचा. देशांतर्गत एअर रायफल स्पर्धांतही ओपन साईट आणि पीप साईट असेच गट असतात. गणेश वासुदेव मावळंकर यांच्या नावाने भरणाऱ्या अखिल भारतीय स्पर्धेपर्यंत पोहोचायचे असेल तर त्या वाटेवर रेड डॉट कुठेच लागत नाही.

कारण आकड्यांत दिसते. ठिपक्याचा आकार मिनिट ऑफ अँगल, म्हणजे एमओए या कोनीय मापात सांगतात. एक एमओए म्हणजे अंशाचा साठावा भाग. १०० मीटरवर तो सुमारे २.९ सेंटीमीटर आणि १० मीटरवर २.९ मिलिमीटर झाकतो. दहा मीटर एअर रायफलच्या कागदी लक्ष्यावर दहा गुणांचा ठिपका अवघा अर्धा मिलिमीटर व्यासाचा असतो. तीन एमओएचा लाल ठिपका त्या अंतरावर जवळपास नऊ मिलिमीटर जागा व्यापतो. स्पर्धेची बारकाई या साधनाच्या कुवतीबाहेरची आहे, आणि ते त्यासाठी बनलेलेही नाही.

हे साधन कामाचे आहे ते घराच्या आवारात किंवा शेतात एअर रायफलने डबे, कागद, पत्र्याची लक्ष्ये टिपणाऱ्याला. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे ४.५ मिलिमीटरपर्यंत, म्हणजे पॉइंट वन सेव्हन सेव्हन व्यासाच्या आणि २० ज्यूलपर्यंत ऊर्जेच्या एअर रायफलीला परवाना लागत नाही. दुसरा वापरकर्ता परवानाधारक. ग्रामीण भागात परवान्यावर बहुधा बारा बोरची बंदूक असते. काहींकडे सरकारी कारखान्याची पॉइंट थ्री वन फाइव्ह रायफल. तिसरा वापर वनखात्याचा आहे. बिबट्याला किंवा वाघाला बेशुद्ध करण्यासाठी डागायची भुलीची बंदूक मोजक्या मीटरांवरून, अनेकदा कमी उजेडात चालवावी लागते आणि सुई जनावराच्या मांसल भागावरच लागायला हवी. तिथे झटपट दिसणारा ठिपका जनावराचाही जीव वाचवतो.

कन्नडच्या उत्तरेला सातमाळ्याच्या डोंगरात गौताळा औट्रमघाट अभयारण्य आहे. चाळीसगावकडे उतरणाऱ्या घाटाला ज्याचे नाव आहे, तो जेम्स औट्रम १८२५ पासून खानदेशात भिल्ल पलटण उभारत होता आणि वाघांच्या शिकारीसाठीही प्रसिद्ध होता. मार्च २०२१ मध्ये विदर्भातील टिपेश्वरहून चालत आलेला वाघ याच गौताळ्याच्या कॅमेऱ्यात टिपला गेला. अनेक दशकांनी या रानात वाघ आला, ही साऱ्या तालुक्याने जपावी अशी गोष्ट आहे. बंदुकीवर काही बसवण्याचा विचार करणाऱ्याने म्हणूनच वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ आधी समजून घ्यावा. कलम ३१ प्रमाणे लेखी परवानगीशिवाय शस्त्र घेऊन अभयारण्यात शिरता येत नाही, मग ते शस्त्र परवान्याचे का असेना. कलम ३४ प्रमाणे अभयारण्यात किंवा त्यापासून दहा किलोमीटरच्या आत राहणाऱ्या परवानाधारकाला वनखात्याकडे आपली नोंदणी करावी लागते, आणि त्या पट्ट्यात नवा परवाना मुख्य वन्यजीव रक्षकांच्या पूर्वसंमतीशिवाय दिला जात नाही. तालुक्यातील डोंगरकडेची कितीतरी गावे या कक्षेत येतात.

मक्याच्या उभ्या पिकात रानडुकरे किंवा रोही शिरले की एका रात्रीत वर्षाची मेहनत जाते, आणि शेतकऱ्याचा राग समजण्यासारखा आहे. त्यासाठीची कायदेशीर वाट कलम ११ मध्ये आहे. पिकाची हानी करणाऱ्या ठरावीक प्राण्यांबाबत अधिकृत वनाधिकाऱ्याने लेखी आदेश दिला तरच, आणि त्या आदेशाच्या अटींतच बंदूक चालवता येते. आदेश हाती नसताना रात्री बॅटरीच्या झोतात ठिपका धरणे ही शिकार आहे आणि ती गुन्हा आहे. साईट किती चांगली, याने त्यात काही बदल होत नाही. एअर रायफलीलाही कायद्याच्या या भागातून सूट नाही. मोर, ससा किंवा पाखरावर छर्रा मारणे हीदेखील शिकारच.

आता निवडीकडे. परवडणारी साईट म्हणजे किती रुपयांची, याला एक उत्तर नाही, पण बाजारात तीन थर स्पष्ट दिसतात. सर्वांत खालच्या थरात हजार-दोन हजारांपासून मिळणाऱ्या, मूळच्या खेळण्यातल्या बंदुकांसाठी काढलेल्या साईट येतात. त्यांपैकी कित्येक नावाजलेल्या होलोग्राफिक साईटच्या हुबेहूब नकला असतात. खऱ्या होलोग्राफिक साईटमध्ये लेसर आणि होलोग्राम असतो. नकलेत आत साधी एलईडी असते. मधल्या थरात बुशनेल टीआरएस-२५, सिग रोमिओ-५, होलोसन आणि शांघायच्या व्हेक्टर ऑप्टिक्सच्या साईट येतात. अमेरिकेच्या बाजारात हा थर साधारण शंभर ते दोनशे डॉलरच्या आसपास फिरतो. भारतात आयातशुल्क आणि विक्रेत्याचा नफा धरून रक्कम वाढते. वरचा थर एमपॉइंटसारख्यांचा आणि तो या लेखाच्या कक्षेबाहेरचा. विदेशातून कुरिअरने मागवण्यापेक्षा देशातील परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडून पावतीसह घेणे शहाणपणाचे, कारण शस्त्रावर बसवायची भिंगे सीमाशुल्कात अडकू शकतात आणि बिघाड झाला तर परत पाठवायला जागा उरत नाही.

किमतीतला फरक नेमका कशासाठी मोजायचा, हे कळले की निवड सोपी होते. स्वस्त साईटच्या खोक्यावर उजेडाचे अकरा टप्पे, लाल-हिरवा असे दोन रंग आणि चार आकारांची चिन्हे लिहिलेली असतात. या गोष्टींना जवळजवळ काही खर्च येत नाही, म्हणूनच त्या दिल्या जातात. खर्च येतो तो ठिपका जागचा न हलण्यात. एलईडी आत एका बारीक स्प्रिंगवर आणि दोन स्क्रूंवर टेकलेली असते. झटका बसल्यावर ती परत त्याच जागी आली नाही तर नेम सरकतो, आणि रायफल दर वेळी वेगळीकडे मारते. परवडणाऱ्या साईटमध्ये एकच गुण मागायचा असेल तर तो हाच, झिरो, म्हणजे एकदा जुळवलेला नेम, टिकण्याचा. दोन रंग आणि चार चिन्हे सोडून एकाच लाल ठिपक्याची पण भरवशाची साईट घेणारा फायद्यात राहतो.

झटक्याच्या बाबतीत एअर रायफल हलकी समजली जाते, आणि तिथेच फसगत होते. स्प्रिंगच्या एअर रायफलीत चाप ओढला की जड दट्ट्या पुढे झेपावतो. रायफल आधी मागे येते आणि दट्ट्या टोकाला थडकताच पुढे जाते. असा दुहेरी झटका काडतुसाच्या रायफलीतही नसतो. स्क्रू ढिले होणे, साईट बसवण्याच्या पट्टीवरून, म्हणजे रेलवरून, मागे सरकणे हे तिथे नेहमीचे. म्हणून अशा रायफलीसाठी साईट घेताना ती स्प्रिंग एअर रायफलीसाठी चालते असे निर्मात्याने स्पष्ट लिहिलेले असावे. आधी हवा भरलेल्या पीसीपी रायफलीत हा त्रास कमी.

बसवण्याची जागाही आधी मोजावी. एअर रायफलींवर बहुधा ११ मिलिमीटरची डव्हटेल खाच असते, तर बहुतेक रेड डॉट पिकॅटिनी किंवा वीव्हर रेलसाठीच्या माउंटसह येतात. मधला जोड घ्यावा लागतो, आणि स्वस्त जोडानेच चांगली साईट वाया गेल्याची उदाहरणे नेमबाजांत सर्रास ऐकू येतात. दोन स्क्रूंचा, लांब पकडीचा आणि मागे सरकू नये म्हणून खुंटी असलेला माउंट निवडावा. साईटवर वाचवलेले पैसे येथे घालावेत. पॉइंट थ्री वन फाइव्ह रायफलीवर मुळात अशी रेल नसते. तिच्यावर भोके पाडून रेल बसवायची तर ते काम गावातल्या लेथवर करून घेणे बेकायदा आहे. शस्त्र अधिनियम, १९५९ प्रमाणे बंदुकीची दुरुस्ती व फेरफार परवाना असलेल्या कारागिरानेच करायचे असतात. परवान्याच्या शस्त्रावर काहीही बसवण्याआधी जिल्हाधिकारी कार्यालयाच्या शस्त्र परवाना शाखेत विचारून घ्यावे.

ठिपक्याचा आकार कामावर ठरतो. एअर रायफल आणि वीस-तीस मीटरसाठी दोन ते तीन एमओए पुरेसा. झपाट्याने नेम लागावा अशी गरज असेल तिथे पाच-सहा एमओएचा मोठा ठिपका बरा, पण १०० मीटरवर सहा एमओए सतरा सेंटीमीटरहून जास्त झाकतो. लहान ठिपका उजेड वाढवून मोठा करता येतो; मोठा लहान करता येत नाही.

उजेडाच्या टप्प्यांत संख्या नव्हे, दोन टोके पाहावीत. मराठवाड्यातील एप्रिलच्या दुपारी पांढऱ्या मातीवर ठिपका दिसतो का, आणि सूर्य मावळल्यावर सर्वांत कमी टप्प्यावर तो पसरून लक्ष्य झाकत तर नाही ना. स्वस्त साईट बहुधा दुसऱ्या टोकाला कमी पडते. सेलच्या बाबतीत एक साधा हिशेब करता येतो. नेहमीच्या सीआर २०३२ बटणसेलात सुमारे २२० मिलिअँपिअर-तास साठा असतो. साईट एक मिलिअँपिअर खात असेल तर तो सुमारे २२० तासांत संपतो; शंभरावा भाग खात असेल तर बावीस हजार तास, म्हणजे अडीच वर्षे पुरतो. खोक्यावर ४० हजार तास लिहिलेले असले तरी ते मध्यम किंवा त्याखालच्या टप्प्यावरचे असतात. हालचाल थांबली की बंद होणारी आणि हलवताच चालू होणारी सोय मात्र पैसे देऊन घेण्यासारखी आहे.

पावसासाठी आयपीएक्स ७ ही खूण पाहावी. तिचा अर्थ एक मीटर पाण्यात अर्धा तास तग. आत नायट्रोजन भरलेली, बंद नळीची साईट घाटातल्या धुक्यात आतून वाफाळत नाही. उघड्या चौकटीची साईट हलकी आणि पाहायला मोकळी असते, पण पावसाचा एक थेंब एलईडीवर बसला की ठिपका फुटतो. श्रावणात शेतावर वापरायची तर बंद नळीचीच बरी.

खरेदीच्या वेळी साईट रायफलीवर न लावता हातातच तपासावी. दुकानाबाहेर येऊन पन्नासेक मीटरवरच्या विजेच्या खांबावर किंवा पाण्याच्या टाकीच्या कडेवर ठिपका धरावा, साईट कशावर तरी स्थिर टेकवावी आणि डोके डावी-उजवीकडे, वर-खाली हलवावे. काचेच्या कडेपर्यंत गेल्यावर ठिपका खांबावरून किती सरकतो तो तिचा पॅरलॅक्स. थोडा सरकणारच, खांब सोडून बाजूला जात असेल तर ती साईट नको. दहा फुटांवरच्या भिंतीवर ही परीक्षा घेऊ नये, कारण जवळ सगळ्याच साईट वाईट ठरतात. मग साईट तशीच टेकलेली ठेवून स्क्रूला दहा क्लिक वर, दहा उजवीकडे, दहा खाली, दहा डावीकडे द्यावेत. ठिपका पुन्हा त्याच जागी आला पाहिजे. शेवटी स्क्रू-ड्रायव्हरच्या लाकडी मुठीने बाजूला हलकेच चार वेळा टकटक करावे आणि पुन्हा पाहावे.

ठिपका गोल न दिसता स्वल्पविरामासारखा, फुटलेला किंवा दुहेरी दिसला तर लगेच साईटला दोष देऊ नये. डोळ्याला सिलिंड्रिकल नंबर असला की असेच दिसते. मोबाइलच्या कॅमेऱ्याने साईटमधून फोटो काढावा. फोटोत ठिपका गोल आला तर दोष डोळ्याचा. चष्मा घालून पाहावे, उजेड कमी करून पाहावे. तरीही फुटत असेल तर रेड डॉटचा नाद सोडून काचेवर कोरलेल्या चिन्हाची प्रिझम साईट घ्यावी, ती थोडी महाग पडली तरी. लाल रंग नीट न ओळखणाऱ्यांना हिरवा ठिपका उपयोगी पडतो. हिरव्या रंगाची सोय खरोखर लागते ती एवढ्यांनाच.

बसवताना स्क्रू तेलविरहित करून त्यांना निळे लॉकटाइट लावावे, बेताने आवळावे आणि स्क्रूच्या डोक्यापासून माउंटपर्यंत रंगाची बारीक रेघ ओढावी. रेघ तुटलेली दिसली की स्क्रू फिरला. झिरो करताना मागे मातीचा उंच बांध किंवा पक्की भिंत असावी, आजूबाजूला माणसे-जनावरे नसावीत. आधी दहा मीटरवर पाच छर्रे एकाच जागी नेम धरून मारावेत आणि एका छऱ्यावर नव्हे, पाचांच्या मध्यावर साईट हलवावी. मग वीस मीटरवर पक्के करावे. अर्ध्या ग्रॅमचा छर्रा सेकंदाला २०० मीटर वेगाने सुटतो आणि साईट नळीहून चार सेंटीमीटर वर आहे असे धरले, तर वीस मीटरवर झिरो केलेली रायफल दहा मीटरवर जेमतेम एक सेंटीमीटर खाली मारते, तीस मीटरवर दोनेक सेंटीमीटर खाली. चाळीसवर हीच घट सहा सेंटीमीटरच्या पुढे जाते. म्हणजे दहा ते तीस मीटरपर्यंत ठिपका सरळ लक्ष्यावर धरावा आणि त्यापुढे एअर रायफलीकडून अपेक्षा ठेवू नये. छऱ्याचा ब्रँड किंवा वजन बदलले की हे सारे पुन्हा जुळवावे लागते.

नेम धरताना दोन्ही डोळे उघडे ठेवण्याची सवय लावावी. एक डोळा मिटणे हा खाच-माशीच्या नेमाचा संस्कार आहे आणि रेड डॉटमध्ये त्याने समोरचे दृश्य उगाच अरुंद होते. काच शर्टाच्या टोकाने पुसू नये, लेपावर चरे पडतात. आधी फुंकणीने धूळ उडवून मग भिंगांचा मऊ कपडा वापरावा. उन्हाळ्यात बंद गाडीच्या डॅशबोर्डवर साईट ठेवू नये. महिनोन्महिने वापर नसेल तर सेल काढून ठेवावा, कारण पाझरलेला सेल आतली पट्टी खातो. सेल बदलल्यावर, रायफल पडल्यावर आणि प्रत्येक पावसाळ्यानंतर पाच छर्रे कागदावर मारून झिरो जागेवर आहे की नाही ते तपासावे.